यूजीन स्टोनर: एम-१६ बनवणारा माणूस, आणि सगळ्यात भारी रायफल कोणती या प्रश्नाचं उत्तर

बीजीएमआय खेळताना एम४१६ उचलायची की एकेएम, यावरून तुमच्या ग्रुपमध्ये एकदा तरी भांडण झालंच असेल. आमच्यात तर रोज व्हायचं. मी कायम एकेएमच्या बाजूने. दोन-तीन गोळ्या लागल्या की समोरच्याची हेल्थ सरळ खाली, अजून काय पाहिजे? पण खऱ्या रायफलींबद्दल वाचायला लागलो तेव्हा लक्षात आलं की आमचा प्रश्नच अर्धवट होता. तो का अर्धवट होता, हे मला एका माणसाच्या आयुष्यातून समजलं. त्यांचं नाव यूजीन स्टोनर.

एके-४७ वाले मिखाईल कलाश्निकोव बहुतेकांना माहीत असतात. पण गेममधली एम४१६ ज्या खऱ्या रायफलीवर बेतली आहे ती म्हणजे जर्मनीच्या हेकलर अँड कॉख कंपनीची एचके४१६, आणि तिचं मूळ डिझाइन स्टोनर यांच्या एआर-१५ चं. अमेरिकन लष्कराच्या एम-१६ आणि एम-४ याही त्याच घरातल्या. म्हणजे आपण वर्षानुवर्षं स्टोनर विरुद्ध कलाश्निकोव हीच मॅच खेळतोय. चला तर मग, स्टोनर यांची गोष्ट सुरुवातीपासून बघू.

डिग्री नाही, पण हात चालणारा

स्टोनर यांचा जन्म २२ नोव्हेंबर १९२२ रोजी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, गॉसपोर्ट नावाच्या छोट्या गावात झाला. शाळा कॅलिफोर्नियात, लाँग बीचला. कॉलेजची इंजिनिअरिंगची डिग्री त्यांनी कधीच घेतली नाही. शाळा संपल्यावर ते वेगा एअरक्राफ्ट या विमान कंपनीत लागले. काम होतं विमानांवर शस्त्रं बसवण्याचं.

दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकेच्या मरीन कोअरमध्ये भरती झाले. तिथेही काम तेच, विमानांवरच्या शस्त्रांची देखभाल. दक्षिण पॅसिफिक आणि उत्तर चीनमध्ये त्यांनी सेवा केली. युद्ध संपल्यावर ते विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या मशीन शॉपमध्ये काम करू लागले आणि उरलेल्या वेळात स्वतःच्या डोक्यातल्या रायफली बनवू लागले.

हे विमानाचं बॅकग्राउंड लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. त्या काळी रायफल म्हटलं की पोलाद आणि लाकूड. विमानवाले मात्र प्रत्येक ग्रॅम वाचवायला बघतात. त्यांच्यासाठी ॲल्युमिनियम, फायबर, प्लास्टिक ही रोजची गोष्ट.

आर्मालाइट आणि एआर-१०

१९५४ मध्ये स्टोनर आर्मालाइट या कंपनीचे मुख्य इंजिनिअर झाले. ही फेअरचाइल्ड या विमान कंपनीची छोटीशी शाखा होती, आजच्या भाषेत एक स्टार्टअपच. एआर-१५ मधला एआर म्हणजे याच आर्मालाइटचं नाव.

इथे त्यांनी बनवली एआर-१०. तिच्यात तीन गोष्टी वेगळ्या होत्या.

पहिली, बॉडी ॲल्युमिनियमची. आता तुम्ही म्हणाल, ॲल्युमिनियम एवढा धक्का कसा सहन करणार? तर गोळी उडताना जो प्रचंड दाब येतो तो बॉडीवर येतच नव्हता. बोल्ट थेट नळीच्या मागच्या पोलादी भागात जाऊन लॉक व्हायचा. सगळा ताण पोलाद विरुद्ध पोलाद. बॉडीला फक्त सगळं एकत्र धरून ठेवायचं काम.

दुसरी, दस्ता नळीच्या सरळ रेषेत. जुन्या रायफलींचा दस्ता खाली वाकलेला असायचा, त्यामुळे फायर केल्यावर तोंड वर उडायचं. सरळ रेषेत धक्का थेट खांद्यात येतो आणि रायफल कमी उचलते. गेममध्ये आपण ज्याला रिकॉइल कंट्रोल म्हणतो ते इथे डिझाइनमध्येच होतं.

तिसरी, गॅस. ऑटोमॅटिक रायफलीत गोळीमागच्या गरम गॅसचा थोडा भाग वापरून पुढचं काडतूस भरलं जातं. एके-४७ मध्ये हा गॅस नळीच्या वर बसवलेल्या जाडजूड पिस्टनला ढकलतो. स्टोनर यांनी तो वेगळा पिस्टनच काढून टाकला. एका बारीक नळीतून गॅस मागे आणला आणि तो सरळ बोल्ट कॅरिअरच्या आत सोडला. सुटे भाग कमी, हलणारं वजन कमी, नेम जास्त स्थिर. पण किंमतही होती: गरम आणि काजळी असलेला गॅस रायफलीच्या पोटात जायला लागला. ही गोष्ट पुढे महागात पडणार होती.

या रचनेच्या पेटंटचा अर्ज १९५६ चा आहे, पेटंट मिळालं १९६० मध्ये.

तेव्हा अमेरिकन लष्कर नवी रायफल निवडत होतं. एआर-१० चाचणीला गेली, पण तिच्यात कंपनीच्या वरिष्ठांच्या हट्टामुळे ॲल्युमिनियम आणि पोलाद एकत्र करून केलेली हलकी नळी बसवली होती. स्टोनर यांचा त्याला विरोध होता. १९५७ च्या सुरुवातीला चाचणीत ती नळी फुटली. नंतर पोलादी नळी बसवली, पण उशीर झाला होता. लष्कराने एम-१४ निवडली. त्याच स्पर्धेत बेल्जियमची एफएन फाल ही रायफलही हरली. तिच्यावरूनच पुढे आपल्या सैन्याची एसएलआर बनली. एका सैन्याने नाकारलेली रायफल दुसऱ्या सैन्यात कित्येक वर्षं चालली. इथेच पहिला इशारा मिळतो की भारी आणि फालतू असे दोनच कप्पे नसतात.

छोटी गोळी का?

एम-१४ वापरायची ७.६२ बाय ५१ हे काडतूस. पहिला आकडा गोळीची जाडी आणि दुसरा पुंगळीची लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. एके-४७ चं काडतूस ७.६२ बाय ३९. गेममध्ये एकेएम, एसएलआर आणि कार९८ या तिन्हींना एकच ७.६२ ची गोळी चालते, पण प्रत्यक्षात असं अजिबात नाही. पुंगळी लांब म्हणजे दारू जास्त, मार लांबचा, आणि धक्काही जास्त.

तेव्हाच्या अभ्यासांतून असं दिसत होतं की पायदळातला साधा सैनिक बहुतेक वेळा ३०० मीटरच्या आतच फायर करतो. मग त्याला एवढं मोठं काडतूस कशाला? १९५७ मध्ये लष्करातूनच आर्मालाइटकडे छोट्या कॅलिबरच्या रायफलीची मागणी आली. स्टोनर यांचे सहकारी जिम सुलिवन आणि रॉबर्ट फ्रीमाँट यांनी एआर-१० चं डिझाइन लहान केलं, स्टोनर यांनी काडतुसावर काम केलं. त्यातून एआर-१५ आणि पुढे ५.५६ बाय ४५ हे काडतूस आलं.

आता साधं गणित करा. ५.५६ चं एक काडतूस साधारण १२ ग्रॅम, ७.६२ बाय ५१ चं साधारण २४ ग्रॅम. म्हणजे २०० काडतुसं घेतली तर एकीकडे २.४ किलो, दुसरीकडे ४.८ किलो. त्यात एम-१४ रिकामीच चार किलोच्या वर, तर एआर-१५ तीन किलोच्या आसपास. दिवसभर चिखलात चालणाऱ्या सैनिकाला हा फरक विचारा. त्याशिवाय ही छोटी गोळी सेकंदाला जवळपास ९९० मीटर वेगाने जाते, एके-४७ ची साधारण ७१५. वेग जास्त म्हणून गोळीचा मार्ग सपाट आणि नेम धरणं सोपं. उलट लांब अंतरावर आणि आडोशाच्या मागे जड गोळीचा जोर जास्त टिकतो.

पण फेअरचाइल्ड पैशांच्या अडचणीत होती. १९५९ मध्ये एआर-१० आणि एआर-१५ चे हक्क कोल्ट कंपनीला विकले गेले. १९६१ मध्ये स्टोनर आर्मालाइट सोडून कोल्टचे सल्लागार झाले. दरम्यान १९६० मध्ये एका पार्टीत हवाई दलाचे जनरल कर्टिस लेमे यांनी एआर-१५ ने कलिंगडं उडवून बघितली आणि ते खूश झाले. १९६२ मध्ये हवाई दलाने ८,५०० रायफली घेतल्या. १९६३ मध्ये लष्करासाठी ८५,००० आणि हवाई दलासाठी १९,००० ची ऑर्डर निघाली. नाव पडलं एम-१६.

इथे सिनेमा संपला असता तर हॅपी एंडिंग होतं.

व्हिएतनाम: रायफल तीच, दारू वेगळी

१९६५ नंतर एम-१६ व्हिएतनामच्या जंगलात मोठ्या संख्येने पोचली, आणि जॅम व्हायला लागली. फायर केल्यावर रिकामी पुंगळी चेंबरमध्येच अडकून बसायची. बाहेर काढायचा उपाय एकच: नळीच्या तोंडातून सफाईची सळई घालून ती मागे ढकलायची. समोरून गोळीबार चालू असताना. आणि पुरेशा सळयाही दिलेल्या नव्हत्या.

सैनिक मेले. १९६७ मध्ये एका मरीन सैनिकाने घरी लिहिलेलं पत्र वर्तमानपत्रात छापून आलं. मेलेल्या साथीदारांच्या बाजूला त्यांच्या उघडलेल्या, दुरुस्त करता करता तशाच राहिलेल्या रायफली सापडल्या, असं त्यात होतं. ते पत्र अमेरिकन संसदेपर्यंत गेलं. मी हे वाचलं तेव्हा गेममधल्या भांडणाची लाज वाटली. आपल्याला बटण दाबलं की रीलोड होतं. तिथे एक पुंगळी अडकली म्हणून वीस वर्षांचा पोरगा घरी परत गेला नाही.

मग चूक कोणाची? संसदेने रिचर्ड आयकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखाली उपसमिती नेमली. स्टोनर यांनीही साक्ष दिली. जे बाहेर आलं ते असं:

एक, स्टोनर यांनी ज्या दारूवर डिझाइन बसवलं होतं ती १९६४ मध्ये बदलून दुसरी, बारीक गोल दाण्यांची दारू वापरायला सुरुवात झाली. तिने काजळी जास्त धरायची आणि रायफलीचा फायरिंगचा वेगही वाढायचा. त्यामुळे बोल्ट लवकर उघडायला बघायचा, पुंगळी अजून चेंबरला घट्ट चिकटलेली असतानाच. या बदलाबद्दल स्टोनर यांचं मत विचारलं गेलं तेव्हा त्यांनी तो बरोबर नसल्याचं सांगितलं. पण निर्णय आधीच होऊन गेला होता.

दोन, चेंबरला आतून क्रोमचा मुलामा दिला नव्हता. व्हिएतनामच्या दमट हवेत चेंबरला गंज धरायचा, बारीक खड्डे पडायचे आणि पुंगळी त्यातच अडकायची. गंमत बघा, एके-४७ कधीच बंद पडत नाही असं आपण म्हणतो ना? तिच्या नळीला आणि चेंबरला क्रोमचा मुलामा असायचा. शिवाय तिची पुंगळी थोडी निमुळती, म्हणून पटकन सुटून यायची. भरवशाचं कारण फक्त सैलसर फिटिंग नव्हतं.

तीन, या रायफलीला साफसफाई फारशी लागत नाही असा समज पसरला होता. त्यामुळे ना पुरेसं सफाईचं सामान, ना शिकवणी.

ऑक्टोबर १९६७ मध्ये अहवाल आला. त्यात लष्कराच्या कारभारावर, विशेषतः दारू बदलण्याच्या निर्णयावर अत्यंत कडक टीका होती.

फोनच्या भाषेत सांगायचं तर कंपनीने फोन एका बॅटरीसाठी बनवला, टेस्टिंग त्याच बॅटरीवर केलं, आणि विकताना आत दुसरीच बॅटरी टाकली. वर सांगितलं की चार्जरची गरज नाही. फोन बंद पडला की शिव्या मात्र डिझाइनरला. फरक एवढाच की इथे फोन नव्हता, जीव होता.

यानंतर क्रोमचा मुलामा आला, फायरिंगचा वेग काबूत आणणारा नवा बफर आला, सफाईचं सामान आलं. सैनिकांना शिकवण्यासाठी लष्कराने चक्क कॉमिक्सचं पुस्तक काढलं, चित्रं काढली प्रसिद्ध चित्रकार विल आयस्नर यांनी. सुधारलेली एम-१६ए१ नीट चालू लागली. मूळ यंत्रणा तीच होती, तिच्या आजूबाजूचं सगळं दुरुस्त झालं होतं.

प्रत्येक कामाला वेगळी रायफल?

स्टोनर यांनी तोपर्यंत पुढचा विचार सुरू केला होता. पायदळाच्या एका तुकडीत सगळ्यांचं काम सारखं नसतं. एक साधा रायफलमन, एक लाइट मशिनगन घेऊन सतत फायर देणारा, एक लांबून अचूक नेम साधणारा. मग एकाच सांगाड्यावर हे सगळं बसवता आलं तर?

कॅडिलॅक गेज कंपनीसाठी त्यांनी बनवलेली स्टोनर ६३ अशीच होती. नळी, दस्ता आणि काही भाग बदलले की तीच रायफल, तीच कार्बाइन, तीच बेल्टवर चालणारी मशिनगन. कल्पना जबरदस्त. अमेरिकन नौदलाच्या सील कमांडोंना तिचं मशिनगनवालं रूप खूप आवडलं. पण लष्कराने ती मोठ्या प्रमाणावर घेतली नाही. तिला निगा फार लागायची. शस्त्राची रोज नीट काळजी घेणाऱ्या छोट्या तुकडीला ती परवडायची, लाखो सैनिकांच्या फौजेला नाही.

१९७२ मध्ये त्यांनी आरेस ही कंपनी काढायला हातभार लावला. नंतर, वयाची साठी उलटल्यावर, नाइट्स आर्मामेंट कंपनीसोबत त्यांनी एसआर-२५ बनवली. नावातलं २५ म्हणजे १० अधिक १५. एआर-१० ची ताकद आणि एआर-१५ मधून शिकलेले धडे. मोठं ७.६२ बाय ५१ काडतूस परत आलं, पण सगळ्यांच्या हातात नाही. फक्त लांबचा नेम धरणाऱ्याच्या हातात. २००० मध्ये अमेरिकन कमांडोंनी ती एमके ११ या नावाने स्वीकारली. ते बघायला स्टोनर नव्हते. २४ एप्रिल १९९७ रोजी फ्लोरिडात कॅन्सरने त्यांचं निधन झालं होतं, वयाच्या ७४ व्या वर्षी.

जाण्यापूर्वी एक भेट मात्र झाली. मे १९९० मध्ये कलाश्निकोव अमेरिकेत आले आणि दोघं पहिल्यांदा भेटले. दुभाष्या मध्ये ठेवून गप्पा मारल्या, एकमेकांच्या रायफली चालवून पाहिल्या. स्टोनर यांना त्यांच्या डिझाइनवर रॉयल्टी मिळत होती. कलाश्निकोव यांना सोव्हिएत व्यवस्थेत मानसन्मान मिळाले, रॉयल्टी नाही. आपण ज्यांच्या नावाने भांडतो ते दोघं मजेत सोबत फिरले.

आपल्या जवानांच्या हातात काय आहे?

आता घराकडे येऊ. आपल्याकडे ५.५६ ची इन्सास रायफल आली ती पुण्यातल्या पाषाणच्या एआरडीई या डीआरडीओच्या संस्थेतून. तिचा गॅस पिस्टन आणि बोल्ट एके-४७ च्या वळणाचे, काडतूस मात्र स्टोनर यांच्या घराण्यातलं. कारगिलमध्ये ती जवानांच्या हातात होती.

२०१९ मध्ये सैन्याने ७२,४०० सिग ७१६ रायफली मागवल्या. काडतूस ७.६२ बाय ५१, बांधणी एआर-१० च्या घराण्याची. १९५७ मध्ये चाचणीत हरलेल्या रायफलीची नात आज आपल्या सीमेवर आहे! सोबत अमेठीजवळ कोरवा इथे सहा लाखांहून जास्त एके-२०३ बनवण्याचा करार २०२१ मध्ये झाला. तिचं काडतूस ७.६२ बाय ३९. आणि जानेवारी २०२४ मध्ये एआरडीईनेच ७.६२ बाय ५१ ची उग्रम ही रायफल पुढे आणली.

म्हणजे सैन्याने एक विजेता निवडलेला नाही. सीमेवर, डोंगरात, जिथे समोरचा चारशे-पाचशे मीटरवर असू शकतो, तिथे मोठं काडतूस. जिथे अंतर कमी, संख्या मोठी आणि दगदग जास्त, तिथे एके. अमेरिकाही २०२२ मध्ये ६.८ मिलिमीटरच्या नव्या, जड रायफलीकडे वळली, आणि तिथे आता उलटा वाद रंगलाय: ताकद वाढली, पण वजन वाढलं आणि मॅगझिनमध्ये ३० ऐवजी २० गोळ्या. स्टोनर यांनी १९५७ मध्ये मांडलेलं तेच गणित, पुन्हा एकदा.

मग भारी कोणती?

पुढच्या वेळी कोणी विचारलं की एम-४ भारी की एके, तर मी आधी चार प्रश्न विचारतो. कोणाच्या हातात? किती अंतरावर? किती वेळ खांद्यावर वागवायची? आणि तिला काडतूस, तेल, सळई वेळेवर कोण पोचवणार? यातला शेवटचा प्रश्न स्पेसिफिकेशनच्या तक्त्यात कधीच नसतो, पण व्हिएतनाममध्ये जीव त्यावरच गेले.

फोन घेताना आपण मेगापिक्सेल आणि रॅम बघतो, आणि सर्व्हिस सेंटर कुठे आहे हे बंद पडल्यावर शोधतो. स्टोनर यांची रायफल कागदावर पहिल्या दिवसापासून भारी होती. सैनिकाच्या हातात ती भरवशाची व्हायला आणखी काही वर्षं आणि कित्येक जीव लागले. बीजीएमआयमध्ये मी अजूनही एकेएमच उचलतो. पण आता भांडत नाही.